कऱ्हाडचा लोहवणिक आणि ब्रह्मपुरीचे तांबे

रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीकाठी कुडा येथे बौद्ध लेण्यांचा जो समूह आहे, त्यातील एका दानलेखात कऱ्हाडच्या महिक नावाच्या दात्याचा उल्लेख येतो. लेख अगदी लहान आहे. करहाकडचा रहिवासी, व्यवसायाने 'लोहवाणियिय' असलेल्या महिकाने हे लेणे धर्मदान म्हणून दिले, एवढाच त्याचा आशय. करहाकड म्हणजे आजचे कऱ्हाड, याविषयी विद्वानांत दुमत नाही. त्याच्या व्यवसायाचे भाषांतर मात्र बहुतेक ठिकाणी 'लोखंडाचा व्यापारी' असे एका शब्दात उरकलेले आढळते. मराठी वाचकाला ते सहज पटते, कारण 'लोखंड' हा आपला शब्दच मुळी लोहखंडापासून आला आहे. परंतु महिकाच्या काळी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात, लोह म्हणजे केवळ लोखंड असे समजले जात होते काय, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. कोल्हापूर परिसरातील बौद्ध समाजाच्या आर्थिक जीवनाचे चित्र आपण कसे रेखाटतो, ते या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळसे अवलंबून आहे.

पालि वाङ्मयाचा आधार घेतला तर चित्र वेगळे दिसते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्षूंच्या पात्रांविषयीचा नियम सर्वपरिचित आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने उंच बांधलेले चंदनाचे पात्र पिंडोल भारद्वाजाने ऋद्धिबलाने खाली आणले. त्या प्रसंगानंतर भगवंतांनी फक्त दोन प्रकारच्या पात्रांना अनुज्ञा दिली, एक लोखंडाचे आणि दुसरे मातीचे. सोने, रुपे, मणी, वैडूर्य, स्फटिक, कासे, काच, कथील, शिसे आणि तांबे यांची पात्रे निषिद्ध ठरली. येथे लोखंडाला 'अय' हा शब्द आहे आणि तांब्याला 'तंबलोह'. म्हणजे ज्या धातूसाठी आपण आज लोह म्हणतो, त्यासाठी विनयकारांकडे स्वतंत्र शब्द होता आणि 'लोह' हे पद तांब्याच्या शेजारी वावरत होते. सिंहलद्वीपातील अनुराधपूरच्या लोहप्रासादाचे नाव याच अर्थाची साक्ष देते. दुट्ठगामणी राजाने बांधलेल्या त्या वास्तूचे छप्पर तांब्याच्या पत्र्यांनी शाकारले होते, म्हणून ती लोहप्रासाद; लोखंडाचा तिच्याशी काही संबंध नाही.

पुढे पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या विभंगाच्या अट्ठकथेत लोहाचे सविस्तर वर्गीकरणच दिलेले आहे. त्यात सात धातू जन्मजात लोह म्हणून सांगितले असून त्यांत लोखंड, रुपे, सोने, कथील, शिसे व तांबे यांचा समावेश होतो. त्यानंतर माणसाने मिश्रणाने तयार केलेली तीन कृत्रिम लोहे येतात: कथील व तांबे मिळून कासे, शिसे व तांबे मिळून वट्टलोह आणि रस व तांबे मिळून पितळ. या तिन्हींत समान घटक एकच आहे, तो म्हणजे तांबे. अट्ठकथा महिकाहून दोन-तीन शतकांनी अर्वाचीन आहे, हे खरे. तथापि तिच्यात जुनी परंपरा सांभाळलेली आहे, आणि त्या परंपरेत लोह हे धातुमात्राचे नाव होते हे स्पष्ट दिसते. तेव्हा महिक हा धातूंचा व्यापारी होता असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. तो लोखंडही विकत असेल. परंतु त्याच्या वखारीत तांब्याचे गोळे नव्हते असे मानण्यास कोणताही आधार नाही.

हा भेद किरकोळ नाही. लोखंडाचा कच्चा माल दख्खनमध्ये अनेक ठिकाणी मिळतो. सह्याद्रीच्या जांभ्या दगडातही लोह आहे. तांब्याची गोष्ट निराळी. कोल्हापूर, सांगली, सातारा हा सारा प्रदेश लाव्हाच्या थरांनी बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. डोंगरमाथ्यावर जांभा व बॉक्साइट सापडते. परंतु खाण काढून वितळवावे असे तांब्याचे खनिज येथे नाही. त्यासाठी चंद्रपूरकडील ठाणेवासना, मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातले मलांजखंड, दक्षिणेत चित्रदुर्गजवळील इंगळढाळ किंवा दूर राजस्थानात खेत्री, येथपर्यंत नजर न्यावी लागते. कोल्हापुरात तांबे आले ते नेहमी बाहेरून आले, आणि ज्याने ते आणले तो व्यापारीच होता.

या ठिकाणी एक गैरसमज दूर केला पाहिजे. सह्याद्रीच्या दगडांत हिरवे-निळे काही दिसले की ते तांबे, असे अनेकांना वाटते. तांब्याच्या भांड्यावर चढणारा हिरवा जंगाल आणि मोरचुदाचा निळा रंग आपल्या परिचयाचा असल्यामुळे हा तर्क स्वाभाविक आहे, पण तो बहुधा चुकतो. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत मिळणारी हिरवट माती सेलॅडोनाइट या खनिजाची असते आणि तिचा रंग लोहामुळे येतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील हिरवा रंगही अशाच हिरव्या मातीचा असल्याचे रासायनिक परीक्षणांत आढळले आहे; तेथे तांब्याचे मॅलाकाइट वापरले असावे ही कल्पना मागे पडली. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतून निघणारे, मोरपिसासारख्या निळ्या रंगाचे कॅव्हनसाइट पाहून तर भले भले फसतात. त्यातील निळाई व्हॅनेडियम या धातूची आहे. जळगाव, नाशिक, पुणे या भागांतील हिरव्या अपोफिलाइटचीही तीच कथा. दख्खनच्या भूमीने रंग दिले, मणी दिले, स्फटिक दिले. तांबे मात्र फारसे दिले नाही.

मग तांब्याचे मोल कशाने चुकवले जात होते? याचे उत्तर रोमन लेखक प्लिनी याने इ.स. ७७ च्या सुमारास सिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दिले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे भारतात तांबे नाही आणि शिसेही नाही. भारतीय लोक आपली रत्ने व मोती देऊन त्यांच्या बदल्यात हे धातू घेतात. राजस्थानातील तांब्याच्या खाणी प्लिनीच्या कितीतरी आधीपासून चालू होत्या, त्यामुळे हे विधान संपूर्ण भारताच्या बाबतीत खरे नाही. पण दख्खनपुरते ते बरेच खरे आहे. पहिल्या शतकातील ज्या अनाम ग्रीक नाविकाने 'पेरिप्लस' लिहिला, तो भडोच बंदरात आयात होणाऱ्या मालाच्या यादीत तांबे, कथील व शिसे यांची नावे घेतो; मलबारच्या मुझिरिस बंदरातही हेच तीन धातू उतरत आणि त्यांच्यासोबत कच्ची, न घडवलेली काच येई. उलट दिशेने पैठणहून भडोचकडे जाणाऱ्या गाड्यांत अकीकाचा दगड मोठ्या प्रमाणावर असे. दगड बाहेर जाई आणि धातू आत येई. कच्च्या मालाची ही अदलाबदल सातवाहनकालीन दख्खनच्या समृद्धीचे एक महत्त्वाचे सूत्र होय.

या पार्श्वभूमीवर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीकडे पाहिले पाहिजे. पंचगंगेच्या काठावरील या टेकाडावर १९४४-४५ च्या सुमारास राजाराम महाविद्यालयाचे प्रा. कुंदणगार यांना धातूच्या वस्तूंचा मोठा संचय मिळाला. त्यानंतर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत १९५२ साली प्रसिद्ध झाला. संचयात शंभराच्या आसपास वस्तू होत्या. त्यांतील मोजक्याच भूमध्य समुद्राच्या प्रदेशातून आलेल्या: समुद्रदेव पोसायडनची लहान मूर्ती, आरसा, डौलदार मुठीचे पात्र. बाकीच्या वस्तू येथल्याच घडणीच्या, आणि त्यांत हत्तीवर आरूढ झालेल्या स्वारांचे ते सुप्रसिद्ध शिल्पही आहे. आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात त्या पाहावयास मिळतात. बहुतेक प्रेक्षक पोसायडनपाशी थांबतात आणि रोमशी असलेल्या संबंधांचा अभिमान बाळगून पुढे जातात. प्रस्तुत लेखकाला मात्र त्या मूर्तीपेक्षा तिच्या शेजारच्या साध्या भांड्यांचे अधिक कुतूहल वाटते. परदेशी व देशी, देखणे व साधे, असे सर्व एकाच घरात एकत्र का ठेवले असावे? एखाद्या रसिक धनिकाचा तो संग्रह असेल. धातूचा व्यापार करणाऱ्याचे किंवा भांडी घडवणाऱ्याचे ते घर असण्याचा संभवही तितकाच आहे. ज्या प्रदेशात तांब्याची खाण नाही, तेथे जुने, मोडके, परदेशी भांडे हीसुद्धा एक खाणच असते. त्याचे वजन केले जाते, ते वितळवले जाते आणि त्यातून नवे भांडे उभे राहते.

कोल्हापूर परिसरात मिळालेल्या विलिवायकुर व सिवलकुर या राजांच्या नाण्यांचाही येथे विचार व्हावयास हवा. धनुष्यबाणाचे चिन्ह असलेली ही नाणी मुख्यतः शिशाची आहेत. टॉलेमीने आपल्या भूगोलात हिप्पोकुर नगरीचा राजा म्हणून ज्या बालेओकुरोसचा उल्लेख केला आहे, तो या कुर राजांपैकीच असावा असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे येथल्या राजाचे चलनदेखील बाहेरून येणाऱ्या धातूवर अवलंबून होते. लोहवणिकाचे महत्त्व यावरून ध्यानात यावे. राजाला नाण्यांसाठी, कासाराला भांड्यांसाठी आणि गृहिणीला कांकणांसाठी त्याच्याकडे जावे लागे.

अशा लोकांनी आपल्या लेण्यांना हात दिला. धर्माच्या इतिहासात राजांची नावे मोठ्या अक्षरांत येतात. लेण्यांच्या भिंतींवर मात्र कारागीर व व्यापारी यांची गर्दी आहे. कान्हेरीच्या दात्यांत सोपाऱ्याचा मणिकार नागपालित आहे आणि कल्याणचा लोहार नंद आहे. जुन्नरच्या एका लेखात संघासाठी दोन श्रेणींकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे: बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीने दरमहा पावणेदोन आणि कासाकारांच्या श्रेणीने पाव, असे व्याज द्यावयाचे. 'कासाकार' म्हणजे कांस्यकार. आपला कासार तो हाच. तांबट हा ताम्र कुटणाऱ्याचा वारस, आणि मणेर किंवा मणियार हा मणिकाराचा. दोन हजार वर्षांपूर्वी संघाची ठेव सांभाळणाऱ्या या व्यवसायांची नावे आजही आपल्या गल्ल्यांत व आडनावांत ऐकू येतात; त्या नावांचा लेण्यांशी असलेला संबंध तेवढा विसरला गेला. कऱ्हाडच्या बाबतीत तर परंपरा महिकापेक्षाही जुनी आहे. मध्य प्रदेशातील भारहुत स्तूपाच्या कठड्यावर करहाकटच्या निगमाने, म्हणजे तेथील व्यापारी वस्तीने, दिलेल्या दानाची नोंद इसवी सनापूर्वीच कोरली गेली. कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरातील लेणी याच समाजाच्या पाठबळावर उभी राहिली असावीत, आणि कोल्हापूरनजीक पोहाळ्याची लेणी त्यांच्यापासून फार दूर नाहीत.

महिकाचा धंदा कोणता होता हे ठरले, तरी तो धंदा सम्यक आजीविकेत बसत होता काय, हा उपासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न शिल्लक राहतो. अंगुत्तरनिकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, माणसांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. धातू व रत्ने त्यांत नाहीत. परंतु म्हणून त्या व्यापारातील प्रत्येक गोष्ट क्षम्य ठरत नाही. दीघनिकायाच्या ब्रह्मजालसुत्तात भगवान ज्या गोष्टींपासून विरत आहेत असे सांगितले आहे, त्यांत खोटे तोलणे, खोटे मापणे आणि 'कंसकूट' म्हणजे धातूची फसवणूक यांचा समावेश आहे. अट्ठकथाकारांनी कंसकूटाचे जे वर्णन केले आहे, ते वाचून आजच्या बाजाराची आठवण होते. ठक एक पात्र सोन्याचे करवून घेतो आणि दोन-तीन दुसऱ्या धातूंची, सोन्यासारखी दिसणारी. मग तो खेड्यात एखाद्या सधन घरी जातो. ही सोन्याची कशावरून, असे घरच्यांनी विचारताच तो म्हणतो, पारखून घ्या. आणि खरे पात्र कसोटीवर घासून दाखवतो. एकाच्या साक्षीवर सगळी पात्रे विकून तो निघून जातो.

दगडांचा आणि खनिजांचा कच्चा माल घेणाऱ्याला ही युक्ती नवी वाटणार नाही. खडे घासण्याचा, कापण्याचा, पॉलिश करण्याचा छंद विसाव्या शतकात अमेरिकेत व युरोपात फार वाढला. १९४७ साली अमेरिकेत त्याला वाहिलेले स्वतंत्र मासिकही निघाले. या हौशी मणिकारांत तांब्याच्या खनिजांना मोठी मागणी असते. मॅलाकाइटची हिरवी वलये, ॲझुराइटचा गडद निळा, क्रिसोकोलाचा समुद्री रंग आणि पिरोजा, ही सारी तांब्याचीच अपत्ये. तांब्याच्या खाणीच्या वरच्या थरात, हवापाण्याच्या संयोगाने मूळ धातुक बदलून ती तयार होतात. आज जगात विकले जाणारे बहुतेक मॅलाकाइट काँगोतून येते. कच्चा माल वजनावर विकला जातो. विकणारा गोणीतला एक चांगला तुकडा कापून, पॉलिश करून समोर ठेवतो आणि त्याच्या साक्षीवर उरलेली गोणी देतो. कंसकूट याहून निराळे काय असते? दगड ओला करून दाखविण्याचीही रीत आहे, कारण पाण्याने रंग खुलतो आणि बारीक चिरा दडतात. पांढऱ्या हाउलाइटला निळा रंग देऊन पिरोजा म्हणून विकतात, चुऱ्यात राळ मिसळून वड्या पाडतात. शिवाय ही खनिजे मऊ असतात. अकीकाचे काठिण्य सातच्या आसपास, तर मॅलाकाइटचे साडेतीन ते चार. त्यामुळे घासताना पूड फार उडते, आणि तांब्याची ती पूड श्वासावाटे जाणे घातक आहे. जाणता मणिकार ती पाण्याखालीच घासतो व नाकावर पट्टी बांधतो. नवख्याला हे न सांगता माल विकणे, हाही एक प्रकारचा कंसकूटच म्हणावा लागेल.

ॲरिझोनातील टक्सन शहरी दरवर्षी फेब्रुवारीत खनिजांचा जो मोठा बाजार भरतो, तेथे दख्खनच्या खाणींतील अपोफिलाइट व स्टिल्बाइट घेऊन भारतीय व्यापारी जातात. ॲरिझोना हा तांब्याच्या खाणींचा प्रांत. तेथल्या बिस्बीचे मॅलाकाइट व ॲझुराइट जगप्रसिद्ध आहे. दख्खनचा दगड जातो आणि तांब्याचे खनिज समोर येते. प्लिनी आज असता तर त्याला आपले वाक्य फारसे बदलावे लागले नसते. परंतु या देवघेवीत ज्या मजुराने विहीर खोदताना किंवा खाणीत सुरुंग लावताना तो स्फटिक प्रथम पाहिला, त्याला त्याची किंमत कोणी सांगितली होती काय?

जातककथांतील तिसरी कथा, सेरिवाणिज जातक, हाच प्रश्न विचारते. सेरि देशाचे दोन फेरीवाले तेलवाह नदी ओलांडून अंधपूर नगरीत मणी व लहानसहान दागिने विकावयास येतात. एका पडलेल्या घराण्यात आजी आणि नात उरलेल्या असतात. नातीला दागिना हवा असतो आणि घरात देण्याजोगे एक मळकट पात्र तेवढे असते. पहिला फेरीवाला पात्राच्या पाठीवर सुईने रेघ ओढून पाहतो. ते सोन्याचे आहे हे त्याला कळते, आणि फुकटात मिळावे म्हणून तो अर्धा मासाही किंमत नाही असे सांगून ते टाकून जातो. मागून येणारा दुसरा फेरीवाला, म्हणजे बोधिसत्त्व, तेच पात्र पाहून सांगतो की याचे मोल एक लक्ष आहे आणि तेवढे माझ्याजवळ नाही. आजी म्हणते, जे असेल ते द्या. तो आपल्याजवळचे पाचशे कार्षापण आणि पाचशेंचा माल देऊन टाकतो. होडीसाठी आठ नाणी, ताजवा आणि पिशवी एवढेच मागे ठेवतो.

या कथेचे निरूपण बहुधा लोभाच्या परिणामांवर थांबते, कारण पहिला फेरीवाला छाती फुटून मरतो आणि देवदत्ताच्या वैराचा उगम तेथे सांगितला जातो. परंतु हिशेब करून पाहावा. बोधिसत्त्वानेही एक लक्षाचे पात्र एक हजारात घेतले. शंभरावा हिस्सा दिला. मग त्याच्यात आणि पहिल्यात भेद कोणता? भेद एवढाच की, त्याने आपल्याला माहीत असलेली किंमत आधी सांगितली आणि जवळचे होते नव्हते ते दिले. निर्णय विकणाऱ्या म्हातारीने केला, तोही सत्य कळल्यानंतर. कच्च्या मालाच्या व्यापारात घेणाऱ्याला नेहमी अधिक कळत असते. ते ज्ञान झाकून ठेवणे हीच त्या व्यापारातील मूळ चोरी आहे असे जातककाराने सुचविले आहे, असे मला वाटते. लोहवणिक महिकाला ही कथा ठाऊक असेल वा नसेल. त्याच्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांना तांब्याच्या गोळ्यातील शिशाचा अंश ओळखता येत असेल, याची कल्पना करता येते.

या व्यापाराला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती अलीकडे फार वाढली आहे. मॅलाकाइटने हृदयविकार जातो, पिरोजाने दृष्ट लागत नाही, अमुक राशीला अमुक खडा, अशी विक्री गुजरीपासून मोठ्या शहरांच्या दालनांपर्यंत सर्वत्र चालते. काही ठिकाणी तर दगडाशेजारी बुद्धमूर्ती ठेवलेली असते, जणू तथागतांचाच त्याला दाखला आहे. त्याच ब्रह्मजालसुत्तात मणिलक्षण, म्हणजे रत्नांच्या चिन्हांवरून शुभाशुभ सांगण्याची विद्या, तिरच्छान विद्यांच्या यादीत नावानिशी नोंदलेली आहे, आणि श्रमण गौतम अशा उपजीविकेपासून विरत आहेत असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ज्या समाजाने १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांसमवेत बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या समाजातील घरांतून बोटात राशीचे खडे दिसू लागले आहेत, हे नमूद करताना खेद होतो. सुंदर दगड सुंदर आहे म्हणून जवळ ठेवण्यास कोणाचीच हरकत नसावी.

यापेक्षाही गंभीर गोष्ट प्राचीन मण्यांची आहे. पैठण, तेर यांसारख्या प्राचीन वस्त्यांच्या शेतांत पावसानंतर अकीकाचे, काचेचे मणी वर येतात. ते वेचून हौशी संग्राहकांना विकले जातात. अर्धवट घडलेले मणी तर 'कच्चा माल' म्हणूनच हातोहात जातात आणि पुन्हा घासले जातात. असा अर्धवट मणी पुराविदाला पूर्ण मण्याहून मोलाचा असतो, कारण त्यावरून तेथे मणिकाराचा कारखाना होता हे सिद्ध होते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. हे किती जणांना ठाऊक आहे? पिप्रहवा येथे १८९८ साली मिळालेल्या अस्थिधातूंसोबतच्या रत्नांचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. त्यांतील जो हिस्सा उत्खनन करणाऱ्या इंग्रज जमीनदाराच्या घराण्यात राहिला होता, तो मे २०२५ मध्ये हाँगकाँग येथे लिलावात निघाला. भारत सरकारने नोटीस दिल्यावर लिलाव थांबला आणि त्याच वर्षी जुलैत ती रत्ने भारतात परत आली. श्रद्धावंतांनी धातूंबरोबर अर्पण केलेली ती रत्ने लिलावाच्या यादीत केवळ मौल्यवान खडे होऊन बसली होती.

कोल्हापूरचेही असे एक करंडक होते. १८७७ साली शहरातील एका टेकाडाच्या खोदकामात स्तूपाचे अवशेष उघडकीस आले. आत दगडी पेटी, आणि पेटीत स्फटिकाचा करंडक. स्फटिकाचे काठिण्य सात. तो कोरून पोकळ करणे आणि त्याला झाकण बसवणे हे मणिकाराचे अत्यंत चिकाटीचे काम, पोलादी हत्यार ज्याच्यावर चालत नाही अशा दगडावर वाळू व पाणी घेऊन दिवसेंदिवस घासत केलेले. पेटीवरील ब्राह्मी लेख इसवी सनापूर्वीचा आहे. त्यात दोन नावे येतात. दान बम्हाचे, आणि ते करवून घेतले धम्मगुत्ताने. देणारा कोण होता, करवून घेणारा भिक्षू होता की त्या कामावर देखरेख करणारा गृहस्थ, हे लेख सांगत नाही. ज्याने तो स्फटिक प्रत्यक्ष घासला त्याचे नाव त्यावर नाही. राजदरबाराचे किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही राजाचे नावही नाही. कोल्हापूरच्या बौद्ध इतिहासाचा हा आरंभीचा लेख, आणि त्यात आहेत ते एक दाता, एक करवून घेणारा आणि एक उत्तम पारखलेला दगड.